आंब्यात दोष काय होता? : फळांच्या बाजारप्रवेशाची बोलणी करणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
परदेशांशी फळांच्या बाजारप्रवेशाची बोलणी करणारे अधिकारी व प्रतिनिधी,
वाणिज्य मंत्रालय आणि कृषी मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : आयातदार देशांच्या नियमांचा खर्च आणि धोका एकट्या बागायतदारावर पडत असल्याबाबत

महोदय, महोदया,

मी नेरुळला राहते आणि गेली एकवीस वर्षे तुर्भ्याच्या फळबाजाराजवळ, निर्यातीचा माल भरणाऱ्या एका लहान पेढीत कागदपत्रांचे काम करते. बाजार तुर्भ्यात असला तरी कोकणापासून दुबईपर्यंत सगळे त्याला वाशी मार्केटच म्हणतात. माझा थोरला भाऊ राजापूर तालुक्यात आमची 180 हापूसची कलमे सांभाळतो. तो देठ राखून फळ उतरवतो आणि मी त्याच फळाचे बीजक, फायटो म्हणजे कीड नसल्याचा दाखला, आणि कीड मारण्यासाठी फळावर केलेल्या प्रक्रियेचे दाखले तयार करते. त्यामुळे नियमाचा एखादा शब्द बदलला तर त्याचा परिणाम मला कार्यालयातही कळतो आणि रात्री भावाच्या फोनवरही कळतो.

परदेशाशी व्यापार करार झाला की वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर शुल्काचे आकडे येतात. जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी करारावर सह्या झाल्या तेव्हाही तसेच झाले. शुल्क कमी झालेले कुणाला नको आहे? परंतु माझ्या टेबलावरून गेलेल्या मालापैकी जो अडला, परत आला किंवा फेकावा लागला, तो शुल्कापायी अडल्याचे मला एकदाही आठवत नाही. तो अडला तपासणीच्या अटींवर, फवारणीच्या औषधांच्या उरलेल्या अंशाच्या मर्यादांवर, प्रमाणपत्रातल्या एखाद्या रकान्यावर. या गोष्टींची बोलणी आपण करता. त्या खोलीत बागायतदार नसतो, आणि बोलणी संपल्यावर काय ठरले हे त्याला त्याच्या भाषेत कुणी सांगत नाही. म्हणून आपल्याला लिहायचे ते सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वीच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट आहे. भावाने चौदा आणे तयार झालेला माल झेल्याने उतरवला, चीक सालीवर ओघळू नये म्हणून फळे देठाकडून खाली करून निथळत ठेवली, डागी आणि लहान फळे बाजूला काढली आणि 96 डझन आंबा रातोरात तुर्भ्याला धाडला. आमच्याकडे तो साडेतीन किलोच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरला गेला, एका खोक्यात एक डझन. प्रक्रियेला घेण्याआधी खोक्यावरचा बागेचा नोंदणी क्रमांक यादीतल्या क्रमांकाशी ताडून पाहतात. आमच्या खोक्यांवर जिथे 1 होता तिथे यादीत 7 होता. गावी अर्ज हाताने भरला होता आणि भावाच्या हातच्या इंग्रजी एकाला डोक्यावर जरा मोठीच शेंडी असते, संगणकात नोंद घेणाऱ्याला ती सातासारखी वाटली असणार. शुक्रवारची दुपार होती आणि दुरुस्ती करण्याचा अधिकार ज्यांना होता ते सोमवारी भेटणार होते. माल शीतगृहात ठेवावा तर खर्च, शिवाय साल काळवंडण्याची भीती, आणि बाहेर ठेवावा तर सोमवारपर्यंत तो रंगावर येणार. शनिवारी पहाटे आम्ही तो बाजारात एका गाळ्यावर उतरवला. निर्यातीसाठी डझनाला 900 रुपये ठरले होते. विक्रीची पट्टी आली 410 रुपयांनी, त्यातूनही हमाली आणि तोलाई वजा. भाऊ फोनवर एवढेच म्हणाला, "अगो बाय, पण आंब्यात दोष काय होता?"

दोष नव्हता. त्यातलीच दोन खोकी मी घरी आणली होती. ती आम्ही आठवडाभर खाल्ली, साक्याचे, म्हणजे आतून गर बिघडलेले, एकही फळ निघाले नाही.

आमचे नुकसान लहान होते आणि चूक घरचीच होती, असे कुणी म्हणेल. मग मे 2025 मधला प्रसंग पाहावा, जो देशभर छापून आला. नवी मुंबईत विकिरण प्रक्रिया झालेल्या आंब्याच्या 15 खेपा अमेरिकेत लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा विमानतळांवर नाकारल्या गेल्या. कारण देण्यात आले ते प्रक्रियेच्या कागदाचे, ज्याला आमच्या धंद्यात पीपीक्यू 203 म्हणतात. हा कागद अमेरिकेच्या कृषी खात्याच्या येथे बसणाऱ्या तपासनिसाच्या सहीशिवाय निघत नाही आणि तो हातात आल्याखेरीज माल विमानात चढत नाही. माल नष्ट करा किंवा परत न्या, असे दोन पर्याय निर्यातदारांपुढे ठेवले गेले. हजारो मैल परत आणण्याचे भाडे आंब्याच्या किमतीहून जास्त, म्हणून आंबा तिथेच नष्ट झाला. निर्यातदारांनी नुकसानीचा अंदाज सुमारे 5 लाख डॉलर सांगितला. चूक कुणाची यावर दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगळे होते, पण त्या खेपांत एखादी कीड सापडली म्हणून त्या नाकारल्या, असे कुणीही म्हटले नव्हते.

माझी मुख्य तक्रार इथे आहे. किडीचा दोष आणि कागदाचा दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कीड देशात शिरू नये म्हणून फळ नष्ट करणे मला समजते. पण प्रक्रिया झाली आहे, विकिरणाची मात्रा मोजल्याची नोंद विकिरण केंद्राच्या दप्तरात आहे आणि फक्त तिचा कागद सदोष आहे, तेव्हा कागद दुरुस्त करण्याऐवजी फळ का जाळायचे? जागतिक व्यापार संघटनेच्या 1995 पासून लागू असलेल्या स्वच्छता आणि वनस्पती-आरोग्यविषयक करारातच, त्याच्या परिशिष्ट क मध्ये, तपासणी करणाऱ्या यंत्रणेने कागदपत्रे पूर्ण आहेत की नाहीत हे तत्परतेने पाहावे, काय कमी आहे ते अर्जदाराला नेमके आणि संपूर्ण कळवावे आणि उणीव असली तरी अर्जदाराने विनंती केल्यास शक्य तेवढी प्रक्रिया पुढे चालवावी, असे लिहिले आहे. हे कलम आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. आंब्यासारख्या नाशवंत मालासाठी त्याचा अर्थ किती तासांचा, हे मात्र कोणत्याही द्विपक्षीय आराखड्यात मला वाचायला मिळालेले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण असे पत्र लिहिणाऱ्याला नियमच नकोत असा समज चटकन होतो. फळमाशी काय करते हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पावसाचे दोन शिंतोडे पडले की मेअखेरच्या मालात ती शिरते, वरून फळ सोन्यासारखे दिसते आणि कापले की आत अळ्या वळवळतात. भाऊ दर हंगामात बागेत दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे रक्षक सापळे टांगतो आणि शेजारच्या बागेत सापळे नाहीत म्हणून चिडतोही. 2013 मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या फळे-भाज्यांच्या 207 खेपांमध्ये किडी सापडल्या, ही आपल्याकडची ढिलाई होती. ती लपवण्यात अर्थ नाही. पण तिची शिक्षा कशी झाली तेही आठवावे. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा, वांगी, अळू, कारली आणि पडवळ यांना दार बंद केले. बंदी घातलेला हा सगळा माल भारतातून तिकडे जाणाऱ्या ताज्या फळे-भाज्यांच्या 5 टक्क्यांहूनही कमी आहे, असे युरोपीय आयोगाने तेव्हा सांगितले होते. ब्रुसेल्समध्ये बसून पाहिले तर 5 टक्के काहीच नाहीत. तुर्भ्यात मात्र तो ऐन हंगाम होता, लंडनसाठी भरलेली खोकी गाळ्यांवर परत फिरत होती आणि ज्याचा माल कधीच परदेशी जात नव्हता त्याचाही दर त्या गर्दीत उतरला. 2015 च्या आरंभी आंब्यावरची बंदी उठली, तेव्हा तो हंगाम केव्हाच बुडालेला होता.

ज्याच्या फळात अळी निघाली त्याचा माल थांबवा, त्याची नोंदणी रद्द करा, त्याला कुणाची हरकत असणार नाही. कुणाच्या तरी वांग्यातल्या आणि कुणाच्या तरी कारल्यातल्या किडीमुळे देवगडपासून पालघरपर्यंतचा सगळा आंबा एका तारखेला बंद व्हावा, यात शास्त्र कमी आणि सोय जास्त आहे. वर सांगितलेल्या स्वच्छता आणि वनस्पती-आरोग्यविषयक करारातील सहावे कलम कीडमुक्त किंवा कमी कीड असलेला प्रदेश वेगळा ओळखावा असे सांगते. 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव वेगळे ओळखता येते तर बागा वेगळ्या का ओळखता येऊ नयेत?

दुसरी तक्रार तपासनिसाची. अमेरिकेने 1989 मध्ये आपला आंबा बंद केला तो कोयीतला भुंगा आणि फळमाशी यांच्या भीतीने. 2007 मध्ये दार उघडले ते किमान 400 ग्रे (ग्रे हे विकिरणाच्या मात्रेचे एकक) विकिरणाच्या अटीवर, आणि त्या प्रक्रियेच्या वेळी त्यांचा अधिकारी समोर उभा असला पाहिजे या अटीवर. त्या अधिकाऱ्याचा प्रवास, निवास आणि कामाचा खर्च आपल्याकडून भरला जातो. जपाननेही 1986 पासूनची बंदी 2006 मध्ये उठवली ती उष्ण बाष्पाच्या प्रक्रियेवर आणि त्यांच्या निरीक्षकाच्या हजेरीवरच. परिणाम असा की आमच्या हंगामाचा आरंभ मोहोरावर ठरत नाही, पाहुण्यांच्या विमानावर ठरतो. करोनाच्या काळात, 2020 आणि 2021 मध्ये, अमेरिकेचे अधिकारी येऊ शकले नाहीत. झाडे लागली होती, केंद्र जागेवर होते, यंत्र चालवणारे हजर होते, आणि तरीही दोन हंगाम एक खोकेसुद्धा अमेरिकेला गेले नाही. त्याच काळात त्यांचे सफरचंद न्हावा शेवा बंदरात उतरत होते आणि त्यासाठी आपला कुणी अधिकारी वॉशिंग्टन राज्यातल्या बागेत जाऊन उभा राहिला नव्हता.

जानेवारी 2022 मध्ये दोन्ही देशांत ठरले की आपला आंबा आणि डाळिंब तिकडे जाईल, त्यांची चेरी आणि अल्फाल्फा घास इकडे येईल, आणि विकिरणाच्या देखरेखीचे काम टप्प्याटप्प्याने भारताकडे सोपवले जाईल. हे वाचून आमच्या पेढीत पेढे आणले होते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मे 2025 मध्ये 15 खेपांचा प्रश्न उभा राहिला तेव्हा कागदावर सही परदेशी अधिकाऱ्याचीच लागत होती. तीन वर्षांत किती टप्पे झाले, पुढचा केव्हा, याचे वेळापत्रक आपण बागायतदारांसमोर ठेवलेले नाही.

तिसरी तक्रार औषधांच्या अंशाची आहे आणि ती मला सर्वांत सविस्तर मांडायची आहे, कारण तिथे कॅलेंडरच चुकलेले आहे. युरोपात ज्या औषधाची मर्यादा स्वतंत्रपणे ठरवलेली नाही त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. हा आकडा भावाला समजावताना मी हिशेब करून सांगितला की शंभर टन आंब्यात एक ग्रॅम. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे शेजाऱ्याने फवारलेले वाऱ्याने आले तरी गेलो." त्याचे चुकले नव्हते. आमच्या आणि शेजाऱ्याच्या बागेत फक्त दगडी गडगा आहे, आणि वारा गडगा मानत नाही.

मर्यादा कडक असण्याबद्दल मी वाद घालत नाही. तिकडचे मूल जे खाते तेच इकडचे मूल खाते. वाद आहे तो सूचनेच्या मुदतीचा. जागतिक व्यापार संघटनेच्या 2001 च्या दोहा परिषदेत ठरले की नवा नियम जाहीर झाल्यापासून लागू होईपर्यंत साधारणपणे किमान सहा महिने मिळावेत. ऐकायला सहा महिने पुष्कळ वाटतात. पण हापूसला दरवर्षी फळ धरावे म्हणून पॅक्लोब्युट्राझोल, ज्याला बागायतदार सरसकट कल्टार म्हणतात, ते जुलै-ऑगस्टमध्ये मुळाशी घातले जाते. पहिली फवारणी नोव्हेंबरात पालवी आणि मोहोर राखण्यासाठी होते. तुडतुडे आणि फुलकिडे यांच्यासाठीच्या फवारण्या फेब्रुवारीपर्यंत चालतात, आणि फळ एप्रिलमध्ये उतरते. ऑक्टोबरात निघालेला नियम एप्रिलमध्ये लागू झाला तर कागदावर सहा महिने पूर्ण मिळाले, पण जमिनीत गेलेले औषध काही परत निघत नाही. 2010 मध्ये द्राक्षांचे तेच झाले. वाढ आवरण्यासाठी वापरले जाणारे क्लोरमेक्वाट, शेतकऱ्यांच्या भाषेत सीसीसी, युरोपात मर्यादेपेक्षा जास्त आढळले, आणि नाशिककडचा माल रॉटरडॅमला अडकून पडला. सीसीसी आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत नव्हतेच. शेतकऱ्याने जी चाचणी करायला सांगितली ती केली, तिचे पैसे भरले, तीत तो उत्तीर्ण झाला, आणि जी कुणी सांगितली नव्हती तीत नापास झाला. कर्ज मात्र त्याच्याच नावावर राहिले.

नव्या नियमांच्या या सूचना जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेच्या मुख्यालयातून, इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध होतात. तिथून दिल्ली, दिल्लीतून इंग्रजी परिपत्रक, परिपत्रकातून आमच्यासारख्या पेढ्या, आणि आमच्याकडून फोनवर बागायतदार. त्या साखळीत मी एक कडी आहे आणि मला माहीत आहे की मार्चच्या गर्दीत ती कडी किती वेळा निसटते.

स्वच्छता आणि वनस्पती-आरोग्यविषयक करारातच नववे कलम आहे. नियम पाळण्यासाठी विकसनशील देशाला मोठी गुंतवणूक करावी लागणार असेल तर नियम करणाऱ्या देशाने तांत्रिक साहाय्य देण्याचा विचार करावा, असे त्यात म्हटले आहे. अमेरिकेसाठी विकिरण, जपानसाठी बाष्प, युरोपसाठी 48 अंश सेल्सियस पाण्यात तासभर बुडवणे, अशी तीन तऱ्हेची यंत्रे आपण सार्वजनिक पैशाने उभी केली. फळ तेच, माशी तीच, आणि उपाय प्रत्येकाचा वेगळा. गरम पाण्यातून काढलेला हापूस पुढे कसा पिकेल याची धास्ती बागायतदाराला असते, कारण साका बाहेरून दिसत नाही आणि तो निघाला की गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येत नाही. आपण यांपैकी कुणाकडे नवव्या कलमाखाली काही मागितले का, हे मला विचारायचे आहे.

दुकानसाखळ्यांच्या स्वतःच्या प्रमाणपत्रांबद्दल मी येथे फार लिहीत नाही. कॅरिबियन बेटांतल्या सेंट व्हिन्सेंटने 2005 मध्ये ब्रिटनमधल्या दुकानांनी केळ्यांवर लादलेल्या खासगी अटींची तक्रार जिनिव्हात मांडली होती आणि तो प्रश्न अजून तिथेच लोंबकळत आहे, एवढे सांगून पुढे जाते.

चौथी तक्रार परदेशाविरुद्ध नाही. ती आपल्याविरुद्ध आहे. निर्यातीसाठी बागेची नोंदणी करायची तर सातबारा लागतो. कोकणातल्या सातबाऱ्याची स्थिती आपल्यापैकी कुणी पाहिली आहे का? आमच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावे आहेत. त्यांतले सहा जण वारले, चार डोंबिवली-कळव्यात आहेत, एक आत्या बडोद्याला आहे आणि कलमे मात्र भाऊ एकटा राखतो. शेजारच्या बागा कराराने घेतलेल्या आहेत, तिथे राबणाऱ्याचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नाही. असा माणूस सापळे लावतो, फवारणीची वही ठेवतो, तरी नोंदणीत बसत नाही आणि त्याचा आंबा दुसऱ्या कुणाच्या क्रमांकावर जातो. मग परदेशात माग काढणारा निरीक्षक त्या क्रमांकावर पोहोचला की त्याला भलतीच बाग सापडते. फसवणूक म्हणून ज्याची नोंद होते त्याचे मूळ पुष्कळदा एका सामाईक उताऱ्यात असते.

हे सगळे लिहिताना आमच्याच बाजाराकडे पाहणेही भाग आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात, कोकणात मोहोरही नीट फुटलेला नसतो तेव्हा, तुर्भ्यात मलावीचा हापूस उतरतो. कोकणातून नेलेल्या रोपांपासून तिकडे बागा उभ्या राहिल्या आहेत. पहिल्यांदा तो आला तेव्हा बाजारात बरीच कुजबुज झाली, हा आमच्या पोटावर पाय, वगैरे. मी त्या खेपांची कागदपत्रे हाताळली आहेत. त्यांतही कीड नसल्याचा दाखला होता, त्यावरही कुणा तरी अधिकाऱ्याची सही होती, आणि त्या सहीसाठी मलावीतला कुणी माझ्यासारखाच शुक्रवारी दुपारी कुणाच्या तरी दारात उभा राहिला असेल. त्या आंब्याला कोकणचे नाव लावून विकू नये यासाठी मी भांडेन. पण कागदात एक आकडा चुकला म्हणून तो जाळावा, असे मी म्हणणार नाही. केनियाने 2014 मध्ये फळमाशीमुळे स्वतःहूनच युरोपची आंबा-निर्यात थांबवली आणि दार पुन्हा उघडायला त्यांना 2021 उजाडले. आपण जिनिव्हात बसता तेव्हा शेजारच्या खुर्च्यांवर हेच देश असतात. त्यांच्यासह एकत्र मागितले तर मिळण्याची शक्यता अधिक आहे, आणि त्यासाठी आपल्या बंदरांत आपण त्यांच्याशी कसे वागतो हेही बघावे लागेल.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

यापुढे कोणत्याही देशाशी फळांचा आराखडा ठरवताना किडीचा दोष आणि कागदाचा दोष वेगळे लिहावेत. प्रक्रिया झाल्याची मूळ नोंद उपलब्ध असेल तर कागद दुरुस्त करण्यासाठी 48 तास मिळावेत आणि तोवर माल शीतगृहात राहावा. व्यापार सुलभीकरणाच्या 2017 पासून लागू असलेल्या करारात दुसऱ्या चाचणीची संधी "देता येईल" असे आहे, आपण द्विपक्षीय आराखड्यांत ते "दिली जाईल" असे करून घ्यावे. फरक एका क्रियापदाचा आहे, पण आम्ही एका आकड्यावर 96 डझन गमावले आहेत.

अधिकृत कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे, मग तो कोणत्याही देशाचा असो, माल नष्ट झाला तर त्याची भरपाई बागायतदारापर्यंत पोहोचेल असा निधी उभारावा. आज निर्यातदार आपला तोटा पुढच्या खरेदीच्या दरातून काढतो आणि त्याला दोष देता येत नाही.

विकिरणाच्या देखरेखीचे काम भारताकडे येण्याचे टप्पे तारखांसह जाहीर करावेत. तोवर परदेशी अधिकारी येऊ शकला नाही तर कॅमेऱ्याद्वारे दूरस्थ तपासणीची सोय आराखड्यात लिहून घ्यावी, म्हणजे 2020 पुन्हा होणार नाही.

औषधांच्या मर्यादांतला बदल आंब्यासाठी जूनअखेरपूर्वी जाहीर झाला तरच पुढच्या हंगामाला लागू व्हावा, अन्यथा एक हंगाम सोडून, अशी मागणी आपण जिनिव्हात मांडावी. मोहोराचे वेळापत्रक दापोलीच्या विद्यापीठाकडे तयार आहे, पुराव्यासाठी नवे काही शोधावे लागणार नाही. ही सूचना मराठीत, औषधांच्या प्रचलित नावांसह, तालुका कृषी कार्यालयाच्या फलकावर लागावी.

बागेच्या नोंदणीसाठी मालकीऐवजी वहिवाट धरावी. महाराष्ट्रात 2021 पासून ई-पीक पाहणी होते, तिच्यातली कसणाऱ्याची नोंद पुरेशी मानावी, आणि नोंदणी क्रमांकातली लेखनाची चूक तालुक्याच्या ठिकाणी, सुटीच्या दिवशीही, हंगामापुरती दुरुस्त होण्याची सोय असावी.

आणि दर हंगामाच्या शेवटी कोणत्या देशाने किती खेपा नाकारल्या, कीड म्हणून किती आणि कागद म्हणून किती, याचा तक्ता आपण प्रसिद्ध करावा. नावे नसली तरी चालतील. दोष कुठे होता एवढे कळले की पुरे.

माझ्याकडे एकवीस वर्षांच्या खेपांच्या नोंदी वह्यांमध्ये आहेत, अडलेल्या मालाची कारणे तारखेसह लिहिलेली आहेत. आपण बोलावल्यास त्या घेऊन मी येईन आणि भावालाही घेऊन येईन. तुर्भ्यात पहिल्या पेट्या फेब्रुवारीत उतरू लागतात आणि मार्चपासून आम्हा दोघांनाही मान वर करायला सवड नसते, म्हणून उत्तर जानेवारीअखेर मिळावे ही विनंती.

आपली विश्वासू,
निर्यात पेढीतील एक कागदपत्र-लेखनिक
व राजापूर तालुक्यातील बागायतदाराची बहीण,
नेरुळ, नवी मुंबई